पटावरची पोरं

आमच्या कॉलेजात हजेरी घेताना आधी मुलांचे नंबर, मग मुलींचे. असं का, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. ऑफिसातून यादी तशी येते, म्हणून तसं. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक ते बावीस मुलगे होते आणि तेवीसपासून पुढे साऱ्या मुली. मी त्यांना मराठी शिकवायची. तासाची पहिली दोन मिनिटं मी अक्षरशः भिंतीशी बोलत असे. "एक." काही नाही. "दोन." काही नाही. डावीकडची बाकं रिकामी, त्यांच्यावर धूळ बसलेली, आणि मी त्या धुळीकडे बघून आकडे म्हणतेय. नवख्या माणसानं दारातून पाहिलं असतं तर म्हटलं असतं, बाईचं डोकं फिरलंय.

पोरं होती, पण पटावर. कुणी बुटीबोरीला कंपनीत, कुणी पुण्याकडे गोदामात, कुणी पोलीस भरतीसाठी नागपुरात खोली करून राहिलेला. ज्यांना जरा बरे मार्क पडले ते आधीच इंजिनिअरिंगला गेलेले. डिग्री पाहिजे म्हणून आर्ट्सला नाव टाकायचं आणि परीक्षेला तेवढं तोंड दाखवायचं. पोरींना मात्र कुणी बाहेर धाडत नाही. चारच्या बसनं दिवसाउजेडी घरी परत येता येईल असं कॉलेज त्यांना हवं, आणि ते आमचं.

आता तुम्ही म्हणाल, मग तर पोरींचंच राज्य. कसलं राज्य न कसलं काय! वर्गाची डावी बाजू पोरांची, उजवी पोरींची, हा नियम पोरं गेली तरी गेला नाही. उजवीकडे एकेका बाकावर चौघीचौघी, कोपराला कोपर लावून, आणि डावीकडे अर्धा वर्ग मोकळा. एकदा मी चिडून आठदहा जणींना उठवलं आणि तिकडे बसवलं. दोन दिवस बसल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा इकडे. "काऊन वं?" विचारलं तर म्हणतात, "तिकडे कसंतरीच वाटते मॅडम. कोनी पाहून राह्यलं असं वाटते." मी हसले तेव्हा. पोरांच्या संडासाला कुलूप होतं, वापरायला कुणी नाही म्हणून. आणि मधल्या सुट्टीत पोरींची रांग पार ऑफिसच्या दारापर्यंत. ते कुलूप काढा म्हणून मी दोनदा प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "अहो मॅडम, पण पोरं आली तर?" न आलेल्या पोरांसाठी आम्ही सगळंच राखून ठेवलं होतं.

हजेरीचंही तसंच. परीक्षेचा फॉर्म भरायला हजेरी लागते, आणि तुकडी टिकायला पटावर पोरं लागतात. पट घसरला की तुकडी बंद, तुकडी बंद की माझे तास बंद. मी तेव्हा तासिका तत्त्वावर होते, म्हणजे तास असला तर मॅडम, नाहीतर घरी बसून वांगी चिरा. अशी अकरा वर्षं काढली होती आणि येत्या उन्हाळ्यात कायम होण्याची आशा लागली होती. म्हणून पुढेपुढे एक रीत पडली, आणि त्या रिकाम्या बाकांच्या नंबरांना उत्तरं येऊ लागली. ती कुणी ठरवली नव्हती. ज्या गावचा मुलगा, त्याच गावची मुलगी त्याच्या नंबरला "येस मॅडम" म्हणायची, आवाज जरा जाडा करून. मी मान खाली घालून त्याला हजर मांडायची. आवाज आला, हजेरी लागली. तोंड कोणाचं होतं ते पाहायची जबाबदारी माझी नाही, असं मी स्वतःला पटवून ठेवलं होतं.

सतरा नंबरसाठी जी बोलायची ती अल्लीपूरकडच्या एका खेड्यातली. वडिलांचं गावात किराणा दुकान. त्यांच्या घरातली कॉलेजात आलेली ती पहिलीच पोरगी, आणि वडिलांनी आपल्या दोन्ही भावांशी तोंड वाजवून तिला धाडलेलं. बी. ए., मग बी. एड., मग कुठंतरी मास्तरीण, असं तिचं पक्कं होतं. माझ्या विषयात वर्गात तिच्या तोडीची दुसरी नव्हती. पेपर तपासताना तिचा आला की मी चहा घेऊन बसायची.

त्या दिवशी ती खिडकीशी काहीतरी उतरवून घेत होती. मी "सतरा" म्हटलं, तिनं मान वर न करता "येस मॅडम" म्हटलं. पुढे तिचा स्वतःचा नंबर आला, पंचेचाळीस. गप्प. पुन्हा म्हटलं, पंचेचाळीस. तरी गप्प. शेजारणीनं कोपर मारल्यावर दचकून उभी राहिली. आणि माझी जीभ! ही माझी जीभ आधी चालते आणि मी तिच्या मागून जाते. म्हटलं, "बाप्पा! स्वतःचा नंबर विसरली अन् त्याचा बरोबर ध्यानात हाय. लग्नाची बायको बी नवऱ्याचं एवढं पाहत नसन!"

अख्खा वर्ग फुटला हसून. तीही हसली, लाल होऊन. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चाळीस पोरी पोट धरून हसताहेत, आणि ते आपण हसवलं, याची एक नशा असते. दुसऱ्या दिवसापासून सतरा म्हटलं की खसखस सुरू. पोरी तिला "सतराबाई" म्हणू लागल्या. मीही चार दिवसांआड नवीन काहीतरी जोडायची. "आज सतरा नंबर कामावर उशिरा गेले का?" असलं.

आठवड्याभरानं ती स्टाफरूमच्या दारात आली. आत कुणी नव्हतं. दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मॅडम, तसं नका म्हनत जाऊ ना." मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "त्याची आई आमच्या दुकानात येते. तिनंच मले म्हटलं, बाई, पोराचं नाव कटू देऊ नोको, तेवढं सांभाळजो. म्हनून म्हनतो मी. मी त्याच्याशी कधी बोलली बी नाई मॅडम. तो आमच्यातला नाई. गावात कोनी आयकलं त बाबाले तरास होईन."

तो त्यांच्यातला नाही. आमच्याकडे एवढं एक वाक्य पुरतं. मी इथलीच आहे, मला ते कळायला शब्दकोश लागत नाही. तरी मी काय म्हटलं? "अगं वेडे, गंमत आहे. एवढं मनावर घेतात का?" ती "हाव मॅडम" म्हणाली आणि गेली.

जानेवारीत गॅदरिंग आलं. आमचं गॅदरिंग म्हणजे सगळ्या भूमिका पोरींनीच करायच्या. राजा पोरगी, सेनापती पोरगी, काजळानं मिशा काढलेला पाटीलही पोरगीच. शेवटी फिशपॉन्ड. ज्याची थट्टा करायची त्याच्यावर दोन ओळी लिहून, खाली नाव न घालता चिठ्ठी पेटीत टाकायची; मग स्टेजवरून ती माइकवर वाचतात, आणि ज्याच्यावर असेल त्यानं वर येऊन भेटवस्तू घ्यायची आणि हसायचं. हसायचंच, त्याला पर्याय नाही. दरवर्षी वाचायचं काम माझ्याकडे. जीभ माझी, दुसऱ्या कोणाला देणार?

त्या वर्षी पेटी उघडली तर चिठ्ठ्या अगदीच मिळमिळीत. पूर्वी पोरं होती तेव्हा अर्ध्या चिठ्ठ्या फाडून टाकाव्या लागायच्या, इतक्या वाह्यात असायच्या. आता पोरी एकमेकींवर काय लिहिणार? हिची वेणी, तिचा डबा, ही बसमध्ये झोपते. मला वाटलं, कार्यक्रम पडणार. मग मी स्वतःच बसून पाचसहा लिहिल्या. त्यातली एक अशी:

"नवरा कंपनीत, नवरी वर्गात, सतरा नंबरचा संसार हजेरीच्या पटात!"

लिहिताना मला तिचं ते बोटाला गुंडाळलेलं दुपट्ट्याचं टोक आठवलं होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण विसरले होते असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवू इच्छित नाही. आठवलं होतं, आणि तरी मी ती चिठ्ठी घडी करून पेटीत टाकली. यमक चांगलं जमलं होतं ना!

चिठ्ठी वाचली तेव्हा मांडव डोक्यावर घेतला पोरींनी. तिला ढकलत ढकलत वर आणलं. भेट म्हणून मी कागदी बाशिंग करून ठेवलं होतं, सोनेरी कागदाचं. एकीनं मागून येऊन ते तिच्या डोक्याला बांधलं. ती हसत होती, हसायचं असतं म्हणून. तिनं हसतहसतच एकदा माझ्याकडे पाहिलं. मी माइकवरून म्हटलं, "टाळ्या होऊ द्या नवरीसाठी!"

त्या दिवशी बाजार होता. आमच्या मैदानाला भिंत नाही आणि पलीकडे रस्ता ओलांडला की बाजार. कर्ण्याचा आवाज कांद्याच्या ढिगाऱ्यापर्यंत स्पष्ट जातो. तिच्या गावची दहापंधरा माणसं तिथं होती. आणि बाशिंग बांधलेले तिचे फोटो चारच्या बसच्या आधी चार जणींच्या स्टेटसला लागले होते.

तिसऱ्या दिवशी ती आली नाही. सतरा नंबरला कुणी बोललं नाही. मी त्याला तरीही हजर मांडलं, हे मला नंतर रजिस्टर उघडल्यावर दिसलं. हात आपोआप गेला असेल.

सोमवारी तिचे वडील आले. प्राचार्यांच्या खोलीत मलाही बोलावलं. पांढरा सदरा, पांढरी टोपी, बारीक माणूस. ती त्यांच्या मागे उभी. मी म्हटलं, "बसा न भाऊ." ते बसले नाहीत. टी. सी. पाहिजे म्हणाले. प्राचार्यांनी विचारलं, का हो, चांगली शिकते ना? तर ते म्हणाले, "सर, दुकानात गिऱ्हाईक येते, शेंगदाने मोजून घेते, अन् इचारते, जावई कोन्या कंपनीत हाय म्हने? भावाइले मी काय तोंड दाखवू?" आवाज चढवला नाही त्यांनी. मग माझ्याकडे वळले. हात जोडले. मला हात जोडले हो त्यांनी!

म्हणाले, "मॅडम, तुमी शिकवता तिले. तुमी बाईमानूस हाय. तिच्या मायेच्या जागी हाय. ती म्हनते काहीच नाई. मी तिच्यावर इस्वास ठेवतो बी. पन तुमी एक डाव सांगा. काही होतं का?"

एवढंच सांगायचं होतं: काही नव्हतं भाऊ. ती त्याच्याशी बोललेलीही नाही. त्याच्या आईनं सांगितलं म्हणून ती त्याची हजेरी देत होती आणि मी ती लावत होते. थट्टा मी सुरू केली. चिठ्ठी मी लिहिली. पाच वाक्यं. ती घेऊन तो माणूस गावात ताठ मानेनं गेला असता, मला शिव्या देत गेला असता, आणि पोरगी दुसऱ्या दिवशी चौघींच्या बाकावर येऊन बसली असती.

पण ती पाच वाक्यं बोलायची तर मधलं एक वाक्य बोलावं लागत होतं, की न येणाऱ्या पोरांना मी हजर मांडते. प्राचार्य समोर बसलेले. त्यांना ते माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि त्यांच्या टेबलासमोर, पालकासमोर कबूल होणं वेगळं. महिन्याभरात विद्यापीठाची समिती येणार होती. माझी फाइल वर गेलेली होती. मी त्या फाइलचा विचार केला. माणूस हात जोडून उभा होता आणि मी फाइलचा विचार करत होते.

मी म्हटलं, "भाऊ, मला खरंच काही माहीत नाही. मी फक्त शिकवते."

ती माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. वर्गात मी प्रश्न विचारला आणि उत्तर तिला येत असलं तरी दुसऱ्या कोणी द्यावं म्हणून ती थांबायची, तशी थांबली होती. मी फळ्याकडे बघितलं. तिथं फळा नव्हता, प्राचार्यांच्या खोलीत कुठला फळा? नुसती भिंत होती. मी त्या भिंतीकडेच बघत राहिले.

टी. सी. अर्ध्या तासात तयार झाला. आमच्या ऑफिसनं इतक्या झटपट केलेलं ते एकमेव काम असेल. मार्चमध्ये तिचं लग्न लागलं, सेलू तालुक्यात कुठंतरी. एप्रिलमध्ये सतरा नंबर परीक्षेला आला. उंच, वाळलेला, हातावर भाजल्याचा डाग. हॉल तिकिटावर सही घेताना मी त्याला विचारलं, तुझ्या गावची ती, किराणा दुकानवाल्यांची, आठवते का? त्यानं जरा विचार केला. म्हणाला, "दुकान माहीत हाय मॅडम. पोरगी नाई पाहण्यात." त्याचा पेपर बरा गेला असावा, पास झाला तो. माझी कायम होण्याची मान्यता जूनमध्ये आली. स्टाफनं पेढे वाटले.

तेव्हापासून माझं हजेरी घेणं बिघडलं. सतरा नंबर कुणाचाही असो, कोणतंही वर्ष असो, मी तो आकडा म्हणते आणि उत्तर यायच्या आधी मला तिचं "येस मॅडम" ऐकू येतं. जाडा केलेला आवाज, मागे दाबलेलं हसू. मी मान वर करते. डावीकडे रिकामी बाकं, उजवीकडे नव्या पोरी मला बघताहेत, मॅडम का थांबल्या म्हणून. भूतबीत मी मानत नाही. मेलेल्याचं भूत होतं म्हणतात. ही तर जिवंत, पन्नास किलोमीटरवर नांदणारी. वर्गात एकदा एका पोरीनं असंच कुणाला चिडवलं तर मी एवढी अंगावर गेले की ती रडली. नंतर पोरी कुजबुजत होत्या, म्हातारीले काय झालं? बरोबर होतं त्यांचं.

मी तिच्या माहेरी जायचं ठरवलं होतं. खूपदा. अल्लीपूरची बस आमच्या फाट्यावरूनच जाते, हात दाखवायचा अवकाश. एकदा पेपर तपासणी होती, एकदा आईचं आजारपण, एकदा नुसतंच ऊन होतं. मनात वाक्यं तयार होती. दुकानात जायचं, भर गिऱ्हाइकात उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं, की चिठ्ठी मी लिहिली. माइकवर बोलायला मला कधी भीती वाटली नाही, पण त्या दुकानाच्या पायरीची वाटली. अशी सहा वर्षं गेली.

गेल्या वर्षी चतुर्थीला बहिणीबरोबर केळझरला गणपतीला गेले. दर्शन घेऊन खाली उतरत होते तर पायऱ्यांवर कुणीतरी वाकून पाया पडलं. "ओळखलं का मॅडम?" अंगानं भरलेली, कडेवर तीनेक वर्षांचा मुलगा. मी ओळखलं. बहीण पुढे निघून गेली.

तीच बोलली. सासर बरं आहे म्हणाली. शिक्षण? "ते राहूनच गेलं." मी घाईघाईनं म्हटलं, "बाबा कसे आहेत? मी येणार होते एकदा त्यांना भेटायला. मला त्यांच्याशी बोलायचं आहे." आणि खरंच त्या क्षणी माझं ठरलं होतं, उद्याच्या बसनं जायचं.

"बाबा गेले न मॅडम. पोळ्याच्या आधी."

माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी चढत उतरत होती. तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"दवाखान्यात होते तवा मी होती जवळ," ती म्हणाली. "एक दिवस मले म्हने, आता मी कोनाले सांगाले चाललो, तू खरं सांगून टाक. मी म्हटलं, बाबा, तुमच्या गळ्याची आन, काहीच नव्हतं. त म्हने, मंग तुह्या मॅडम काऊन बोलल्या नाई? काही नसतं त बोलल्या असत्या. शिकवनारी बाई हाय ते."

मी म्हटलं, "ती चिठ्ठी मी लिहिली होती."

"मालूम हाय. तसं तुमीच बोलत होत्या न वर्गात. पोट्ट्याइले कुठी जमते तसं."

"मग तू वडिलांना का नाही सांगितलं?"

"मी सांगतलं. पन माह्या सांगन्यानं काय होते मॅडम? तुमी सांगाले पायजे होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी त्याला धरून उभी राहिले असते. "मले वाटे, आज नाई त उद्या मॅडम येतीन. बाबा होते तोपर्यंत वाटे."

खालून तिच्या नवऱ्यानं हाक मारली, गाडी लागली होती. मी म्हटलं, "माझं चुकलं गं. फार चुकलं माझं."

ती "हाव" म्हणाली, आणि पोराची चप्पल पायात नीट बसवून खाली उतरून गेली.